पेजेचा कोपरा

नलूनं शिवलेला पहिला चौकोन जमिनीवर ठेवला, तर तो सपाट बसेना. मधे फुगवटा आला होता आणि कडा भाजलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या.

"वन्सं, मापून कापले होते हो तुकडे," ती म्हणाली. "कागद ठेवून कापले. मग असं का?"

मी चौकोन उजेडात धरला. चार त्रिकोण, चार जातींची कापडं. एक शेजारच्या रमाबाईंच्या लुगड्याचा, धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला. एक जाड धोतराचा, एक वायलचा, एक खणाचा. त्रिकोणाची लांब बाजू तिरकी कापली जाते, धाग्याच्या रेषेत नाही, आणि तिरकं कापड शिवताना ओढलं जाऊन वाढतं. प्रत्येक तुकडा आपापल्या मऊपणाप्रमाणे वाढला होता.

"कापायच्या आधी खळ घाल," मी म्हणाले. "सगळ्यांना एकच खळ. कडक झाली की सगळी कापडं सारखीच वागतील. गोधडी पुरी झाली की धुऊन टाकायची."

"चिंध्यांना कांजी?" नलू हसली. "रमाबाई मला वेड्यात काढतील."

नलू माझ्या धाकट्या भावाची, श्यामकांतची बायको. गिरगाव सोडून आम्ही तिघं भोईवाड्यातल्या एका चाळीत दोन खोल्यांत राहायला आलो होतो, कारण माझी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत होती. सत्तावन्न सालचा पाऊस ओसरत आला होता आणि नलूला सहावा महिना लागला होता. हे तिचं दुसरं मूल. पहिला मनमोहन. त्याला आम्ही मनू म्हणायचो. छप्पनच्या जानेवारीत, गिरगावात असताना, संचारबंदीच्या दिवसांत तो गेला. आठ महिन्यांचा होता.

ज्या घरातलं मूल जातं, त्या घरात पुढच्या मुलाला घरचं काही घालायचं नाही अशी रीत आहे. ज्या बाईची सगळी मुलं जगली, अशा लेकुरवाळीकडून जुनं कापड मागून आणायचं आणि त्याचीच गोधडी शिवायची. म्हणजे जो कोणी मुलं न्यायला येतो, त्याला वाटावं की हे मूल ह्या घरचं नव्हेच. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, पण नलूला मी अडवलं नाही. हे मूल राहायला हवं होतं. घरात कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. आम्ही तिघं जे काही करत होतो ते मात्र त्यासाठीच चाललं होतं.

नलू चाळीत दारोदार फिरली. रमाबाईंनी लुगड्याचा पदर टरकन फाडून दिला. त्यांना सहा मुलं, सगळी धडधाकट.

"माझ्या घराक पोरांचो तोटो नाय गो, कापडाचो आसा," त्या म्हणाल्या होत्या. "तरी घे. पोर झाला की माका दाखवूक घेवन ये."

खळीसाठी मी कण्या भरपूर पाण्यात शिजत लावल्या. पिठूळ गोडसर वास सुटला, तशी नलू हातातली कात्री ठेवून गॅलरीत गेली. मी तिला हाक मारली नाही. त्या जानेवारीनंतर आमच्या घरात पेज शिजली नव्हती.

मनूला हगवण लागली तेव्हा खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि नाक्याकडून गोळ्यांचे आवाज येत होते. दूध यायचं बंद झालं होतं. धसक्यानं नलूचं अंगावरचं दूधही आटलं. डॉक्टर दोन गल्ल्यांपलीकडे राहायचे. श्यामकांत त्यांना आणायला उतरला, पण शिपायांनी त्याला चाळीच्या दारातूनच मागे फिरवलं. घरात तांदूळ तेवढे होते, म्हणून मी पेज करत राहिले. मनू चमचा तोंडात घेईना. मग नलू त्याच्याच झबल्याचं टोक पेजेत बुडवून त्याच्या ओठांत द्यायची. तेवढं तो चोखायचा. खालचे दोन दात नुकतेच आले होते, आणि टोक पुन्हा बुडवायला काढून घेतलं की ते दातांत अडकायचं. शेवटच्या दिवशी त्याला चोखायचीही ताकद राहिली नाही. पण टोक त्यानं सोडलं नव्हतं.

नलू आत आली आणि म्हणाली, "गाळते मी. तुम्ही फडकं धरा."

खळीनं काम चांगलं केलं. तांदळातलं सत्त्व गरम पाण्यात फुगून फुटतं, धाग्यांभोवती बसतं आणि वाळलं की त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं. जुनेरं दोरीवर वाळली, की अर्धवट ओली असताना नलू त्यांच्यावर कोळशाची इस्त्री फिरवायची. जाळीसारखं लुगडं पत्र्यासारखं ताठ उभं राहू लागलं. कात्री चालली की कागद कापल्यासारखा आवाज येई. आता चौकोन सपाट बसत होते, टोकाला टोक जुळत होतं, आणि दिवाळीच्या सुमाराला गोधडीची वरची बाजू जोडून झाली. अस्तर लावून नलूनं धावदोरा घालायला घेतला.

एका दुपारी रमाबाई येऊन बसल्या. मी घरीच होते. त्यांनी गोधडी मांडीवर ओढून घेतली आणि बोटानं वाजवून पाहिली.

"गोधडी हा की पापड? आमचे घोव गिरणीच्या सायझिंग खात्यात आसत, त्यांच्या सुताक पण इतकी खळ नाय." मग त्या एकेक तुकडा ओळखू लागल्या. हा माझा, हा मालनचा, हा खालच्या मजल्यावरच्या कौसल्येचा. एका कोपऱ्याशी त्यांचं बोट थांबलं. पांढरी मलमल, तिच्यावर बारीक लाल ठिपके. "ह्यो खंयचो गो?"

"तो घरातलाच," नलू खाली मान घालून म्हणाली. "कोपऱ्याला एक कमी पडत होता."

"घरातलो? मगे दारोदार मागूक कित्याक फिरलंस?"

नलूनं दोरा दातांनी तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला. रमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, गोधडी नीट घडी करून खाली ठेवली आणि जरा वेळानं घरात काम आहे म्हणून उठल्या.

मी तो तुकडा केव्हाच ओळखला होता. मनूच्या झबल्याचा पुढचा भाग होता तो. रमाबाई गेल्यावर नलू आपणहून म्हणाली, "सगळ्या जगाच्या मुलांचं ह्यात आहे, वन्सं. त्याचं काहीच नको का?"

मी म्हणाले, "असू दे." कापड म्हणजे कापूस, आणि कापसाला काही आठवत नसतं, असं मी मानत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नलूनं मला तो कोपरा दाखवला. बाकीची गोधडी कडक होती. तो एवढा तुकडा मात्र विड्याच्या भिजलेल्या पानासारखा लोळत होता. हात लावला तर ओल होती. मी म्हटलं, पाणी सांडलं असेल. नलूनं त्याला पुन्हा खळ लावली, इस्त्री केली आणि गोधडी ट्रंकेवर घडी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी कोपरा पुन्हा मऊ आणि ओला. तिसऱ्यांदाही तसंच झालं.

खळ खाणारे जीव घरात पुष्कळ असतात. झुरळं असतात, कसर असते. पण झुरळं कोपरा निवडत नाहीत, आणि त्यांच्या खाण्यानं कापड भिजत नाही. मला कारण शोधायचं होतं, म्हणून मी प्रयोगशाळेतून एक गोल गाळणकागद आणि आयोडीनची लहान बाटली घरी आणली. खळीला आयोडीन लागलं की गडद निळा रंग येतो. साध्या कागदात मुळातच खळ असते, गाळणकागदात नसते. तो पाण्यानं दमट करून मी कोपऱ्यावर दाबला, वरून वाटी फिरवली, मग उचलून त्याच्यावर आयोडीनचे थेंब सोडले.

कागद निळा झाला. शेजारच्या तुकड्यांच्या शिवणी, धाव्याचे टाके, सगळं त्याच्यावर उमटलं. मलमलीच्या जागी, अगदी टोकाशी, पांढरा अर्धगोल राहिला. तेवढ्या भागात खळ नव्हती. अर्धगोलाच्या आत शेजारी शेजारी दोन बारीक निळ्या रेघा होत्या. तिथं काहीतरी घट्ट दाबून धरलेलं असावं, त्यामुळे त्याच्याखालची खळ शाबूत राहिली होती.

खळ विरघळवून टाकणारी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या तोंडात असते. लाळेनं पेज पाण्यासारखी पातळ होते. हे मी शिकले होते आणि शिकवलंही होतं.

कागद मी श्यामकांतला दाखवला. त्यानं तो खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"उंदीर," तो म्हणाला. "उंदराला पुढे दोन दात असतात, ताई."

"उंदीर कापड कुरतडतो. एक धागा तुटलेला नाही."

"मग शहाणा उंदीर असेल," असं म्हणून तो हसला, पण संध्याकाळी लालबागहून पिंजरा घेऊन आला. पिंजऱ्यातलं भजं वाळून दगड झालं. कोपरा रोज ओला होत राहिला.

मग मला दुसरं कारण सुचलं, आणि इतकं साधं कारण आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं. गरोदर बायकांना कसले कसले डोहाळे लागतात. कुणी कच्चे तांदूळ खातं, कुणी भिंतीची माती. नलू दिवसभर घरात एकटी असायची. खळीचा कोपरा तोंडात धरून बसत असेल, आणि सांगायची लाज वाटत असेल. दातांच्या रेघा दोनच होत्या आणि फार जवळ जवळ होत्या, हे मी तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

"नलू, तुला काय खावंसं वाटतं ग?" मी एका रविवारी विचारलं. "संकोच करू नकोस. तांदूळ, खळ, काहीही असो."

तिला माझा रोख लगेच कळला. "मी नाही, वन्सं."

"रागावत नाही मी."

"मी नाही," ती पुन्हा म्हणाली. मग गोधडीचा तो कोपरा हातात घेऊन तिनं अंगठ्यानं पुसला. मुलाचं तोंड पुसावं तसा पुसला. "पण आज जरा जास्त लावू या का खळ? कालची सगळी संपलीय."

तिला दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी गोधडी माझ्या ट्रंकेत ठेवली. ठेवण्यापूर्वी कोपऱ्याला खळ लावून, कडक इस्त्री करून, पूर्ण वाळल्याची खात्री करून घेतली होती. ट्रंकेला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून कामावर गेले. श्यामकांत दवाखान्यात होता. घराला बाहेरून कुलूप होतं. दुपारी मुलगी झाल्याचा निरोप आला. मी रजा टाकून घरी आले, दुपटी घ्यायला म्हणून ट्रंक उघडली, आणि आधी हात गोधडीकडे गेला.

कोपरा ओला होता. बंद ट्रंकेतली ओल गार लागते. ही कोमट होती.

मी हात पदराला पुसला. नंतर ठरवलं की कारण कळो न कळो, खळच काढून टाकायची. नाहीतरी ती धुवायचीच होती. नलू घरी यायच्या आत मी गोधडी कोमट पाण्यात भिजवली, चोळली, पाणी बदललं, पुन्हा चोळली. प्रत्येक पाण्यात आयोडीनचा थेंब टाकून पाहत होते. निळं, फिकं निळं, मग नुसतं पिवळट. पिवळट राहिलं तेव्हा थांबले. गॅलरीत दोन दिवस ऊन खाऊन गोधडी इतकी मऊ झाली की हातात धरल्यावर वजन लागू नये. चौकोन एकमेकांत सपाट बसले होते. रमाबाईंनीसुद्धा गालाला लावून पाहिली.

मुलीचं नाव दुर्गा ठेवलं. बारसं झाल्यावर नलू तिला त्या गोधडीवर निजवू लागली. माघातले दिवस होते, सकाळी जरा गारवा असायचा.

दुर्गाच्या पायाकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईचं. "बाय, ह्या पोरीचा डावा पाय पाण्यात कुणी ठेवला?" तिनं विचारलं. अंघोळ अजून व्हायची होती. मी पाहिलं. डाव्या पायाची बोटं ओली होती. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, कपडे धुऊन उठल्यावर आपल्या बोटांची होते तशी. उजवा पाय कोरडा होता.

मुलं आपली मूठ चोखतात. पण एवढ्याशा मुलाचा पाय तोंडापर्यंत पोचत नाही, आणि दुर्गाचे पाय तर दुपट्यात घट्ट गुंडाळलेले असत. दुपटं सोडलं की आतून पाय ओला निघायचा, आणि त्याला आंबूस वास यायचा. काही दिवसांनी अंगठ्याच्या खाली दोन लहान लाल खुणा दिसल्या. शेजारी शेजारी.

मी गोधडी काढून ट्रंकेत टाकली. दुर्गाला माझ्या पातळाच्या नव्या दुपट्यावर निजवलं. पाय ओला होत राहिला. जागा बदलली, पाळणा पुढच्या खोलीत आणला, तरी तेच. दुर्गा दूध व्यवस्थित प्यायची. पण दर आठवड्याला दवाखान्यात वजन करायला न्यायचो, आणि काटा जिथल्या तिथं. मग तो थोडा मागे आला. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं आणि नलूला दूध वाढेल असं खायला सांगितलं. नलू मान हलवत होती. तिचं लक्ष डॉक्टरांकडे नव्हतं, दुर्गाच्या पायाकडे होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर श्यामकांतनं ट्रंकेतून गोधडी बाहेर काढली. "हे दादरच्या चौपाटीवर जाऊन सोडून येतो," तो म्हणाला.

नलू दुर्गाच्या पायाला खोबरेल लावत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"सोडून या. मग तो काय खाईल?"

श्यामकांत उभाच राहिला.

"उपाशी गेलाय तो," नलू म्हणाली. "पेज मागत होता, तेवढी पोचत होती. आता तीही धुऊन काढली. मग तो हिच्याकडे जाईल नाही तर काय करेल? लहान आहे, त्याला काय कळतं." तिनं दुर्गाचा पाय दोन्ही हातांत धरला. "त्याला हिला त्रास द्यायचा नाहीये हो. त्याला भूक लागलीय."

खाली रस्त्यावरून मोर्चा चालला होता, मुंबई आमची म्हणून घोषणा चालल्या होत्या, आणि दर वेळी आवाज चढला की श्यामकांत खिडकीकडे पाहत होता. छप्पनपासून त्याची ती सवय होती. शेवटी त्यानं गोधडी खाटेवर ठेवली आणि तिच्या शेजारी बसला.

मी स्वयंपाकघरात गेले. डब्यातून मूठभर कण्या घेतल्या, धुतल्या, पाणी चढवलं. हे मी कशावर विश्वास ठेवून करत होते, ते मला सांगता येणार नाही. वजनाचा काटा मागे आला होता, आणि मी करून पाहिलं नव्हतं असं एवढंच उरलं होतं. पेज झाली तशी फडक्यातून गाळली, कोमट होऊ दिली, आणि वाटी घेऊन बाहेर आले. नलूनं गोधडीचा ठिपक्यांचा कोपरा पुढे केला. मी तो वाटीत बुडवला. तिनं जास्तीची पेज वाटीच्या काठावर निपटली. ती लकब मी विसरले नव्हते. मग गोधडी आतल्या खोलीत जमिनीवर अंथरली आणि आम्ही बाहेर आलो.

श्यामकांतनं चहा टाकला. दुर्गा नलूच्या मांडीवर झोपली होती. उन्हं गॅलरीच्या कठड्यावर होती आणि शेजारी रमाबाई कुणा मुलाला ओरडत होत्या. चहाचा कप मी तोंडाला लावला, तेव्हा आतून आवाज येऊ लागला.

फार लहान आवाज होता. ओला, एका लयीत. मधे थांबायचा, एक श्वास घेण्याइतका, आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी दुर्गाच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

श्यामकांत उठला नाही. मीही उठले नाही. नलू डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या पदरावर दुधाचे दोन डाग हळूहळू मोठे होत होते. आवाज थांबल्यावर तिनं डोळे उघडले.

"झालं त्याचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाचा पाय कोरडा होता. पुढच्या आठवड्यात काटा थोडा पुढे सरकला.

तेव्हापासून रोज स्वयंपाकाच्या आधी कण्या चढवायच्या आणि कोपरा बुडवायचा, हे घरातलं एक काम झालं. एकदा सणाच्या गडबडीत ते राहून गेलं, तर संध्याकाळी दुर्गाचा पायमोजा ओला निघाला. पुन्हा राहू दिलं नाही. गोधडी दुर्गाच्या पाळण्याखाली अंथरलेली असायची, तिच्या अंगावर नाही. दर आठवड्याला मी ती धुवायचे, कारण पेज आंबते. उरलेल्या गोधडीला खळीचा स्पर्श नव्हता. धुऊन, कोपरा पुन्हा पेजेत बुडवून दोरीवर घातली की वाळल्यावर तो एवढा वाऱ्यात हलायचा नाही.

"गोधडेच्या एकाच कोपऱ्याक कांजी," रमाबाई कठड्यावरून म्हणाल्या. "शिकलेल्यांची तऱ्हाच येगळी. माका सांगा तरी, कित्याक ता?"

"तिथलं कापड जुनं आहे," मी म्हणाले. "फाटू नये म्हणून."

त्यांनी ठिपक्यांकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि परत येऊन माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. आत त्यांच्या गावच्या लाल तांदळाच्या कण्या होत्या.

"ह्येची पेज पोरांक मानवता," त्या म्हणाल्या.

दुर्गाचं उष्टावण श्रावणात केलं. श्यामकांतच्या मांडीवर बसवून तिला चांदीच्या वाटीतली खीर चाटवली. तिनं तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली. बाळसं चांगलं धरलं होतं. पाय गुबगुबीत झाले होते, आणि अंगठ्याखालच्या खुणा शोधूनही सापडत नव्हत्या. रमाबाईंनी तिची दृष्ट काढली आणि स्वतःच्या सहांची नावं घेऊन तिला त्यांच्यात सातवी म्हणून मोजली.

सगळे गेल्यावर मी आतल्या खोलीत गोधडी उचलायला गेले. कोपऱ्यावर आदल्या दिवशीची खळ वाळून कडक झाली होती, आणि टोकाशी नेहमीसारखी ओल होती. पण मलमल हाताला वेगळी लागली. चुरगळल्यासारखी. मी कपाटातून आयोडीनची बाटली काढली. त्या पहिल्या कागदानंतर मी कागद घेतला नव्हता. आता गाळणकागद दमट केला, कोपऱ्यावर दाबला, वाटी फिरवली आणि थेंब सोडले.

निळा रंग पसरत गेला आणि मधे पांढरा अर्धगोल राहिला. आधीपेक्षा मोठा. मी कागद खिडकीत धरला. खाली आता चार रेघा होत्या. वर दोन होत्या, जरा रुंद. मागे, गालाच्या बाजूला, एक ठिपका होता. अजून पुरता वर न आलेल्या दाढेचा असतो तसा.

नलू केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. दुर्गा तिच्या कडेवर होती आणि खिरीचे हात तिच्या गळ्याला लावत होती. नलूनं माझ्या हातातून कागद घेतला आणि तिरपा करून पाहिला. बोटानं रेघा मोजल्या. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, मनूचा पहिला दात चमच्याला वाजला तेव्हा.

"वेळेवर आले की हो, वन्सं," ती म्हणाली. "मला काळजी होती."

तिनं कागद वाळण्यासाठी खिडकीत ठेवला आणि दुर्गाला घेऊन गॅलरीत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन दुसऱ्या दिवसाच्या कण्या निवडायला घेतल्या. पाणी मोजताना जरा थांबले. त्या दिवसापासून मी पेज थोडी दाट करू लागले.